कोलशेतचे शेत कोणाचे?

पांडवांनी एका रात्रीत बांधलेले देऊळ ज्याच्या आसपास नाही, असे गाव महाराष्ट्रात हुडकून काढणे कठीण. देऊळ नसले तर निदान भीमाच्या पावलाचा खडक असतो, सीतेची न्हाणी असते, किंवा अर्ध्यावर बुजलेले एखादे भुयार तरी असतेच. या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या, आपल्या मुलांना सांगितल्या, आणि यंदाच्या फराळाबरोबरही त्या रंगतील यात शंका नाही. माझा त्यांच्यावर राग नाही. आख्यायिका ही गावाची आठवण असते, आणि आठवणीजवळ पुराव्याचे कागद मागणे हे अरसिकपणाचे लक्षण होय. परंतु आख्यायिकेलाच कोणी इतिहास म्हणू लागला की प्रश्न निराळा होतो. इतिहासाचा आरंभ आठवणीपासून झाला, तरी त्याची पुढची वाट तर्कातून जाते. आणि तर्क कसा बांधावा याचे काही नियम आहेत. हे नियम मोठ्या पंडितांपुरतेच आहेत अशी एक समजूत आहे, ती खरी नव्हे. एका लहानशा गावाच्या नावावर ते कसे चालवून पाहता येतात, एवढेच आज वाचकांना सांगावयाचे आहे.

गाव कोलशेत. कल्याणकडून येणारी उल्हास नदी ठाण्याजवळ दुभंगते. एक फाटा कळव्यावरून दक्षिणेस ठाण्याच्या खाडीकडे उतरतो, आणि मोठा प्रवाह पश्चिमेस वळून घोडबंदरावरून वसईपाशी समुद्राला मिळतो. या मोठ्या प्रवाहाच्या डाव्या तीरावर, साष्टी बेटाच्या कडेला कोलशेत वसले आहे. पलीकडच्या तीरावर भिवंडी तालुक्यातले काल्हेर, अलीकडे शेजाराला बाळकूम आणि ढोकाळी. मूळची वस्ती आगरी-कोळ्यांची. भात, मासळी आणि खाडीची रेती यांवर गावाने दिवस काढले. पुढे रंगरसायनांचा मोठा कारखाना आला, हवाई दलाचे ठाणे आले. कालांतराने कारखाना गेला आणि आता त्या बाजूला उंच उंच इमारती उभ्या आहेत. त्यांच्या वरच्या मजल्यावरून खाडी फार सुंदर दिसते म्हणतात. खाडीवरून मात्र आता गाव दिसत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी या गावचा. त्याचा मुलगा इतिहास घेऊन एम. ए. करतो आहे. गेल्या पावसाळ्यात तो माझ्याकडे आला, तो जरा हिरमुसलेलाच होता.

"गुरुजी, आमच्या सरांनी प्रबंधासाठी गृहीतक मागितलंय. मी लिहिलं, ‘कोलशेत हे प्राचीन आणि ऐतिहासिक गाव आहे.’ त्यांनी त्यावर तांबडी रेघ मारली."

"मग तू काय केलंस?"

"‘अतिप्राचीन’ केलं."

मला हसू आले खरे. पण पोराची अडचण खोटी नव्हती. आपल्याकडे पदवीपर्यंत इतिहास शिकवतात तो उत्तरांचा. प्रश्न कसा विचारावा हे शिकविण्याची वेळ येते, तोपर्यंत विद्यार्थ्याच्या डोक्यात उत्तरांची इतकी गर्दी झालेली असते की प्रश्नाला बसायला जागा उरत नाही. मी त्याला एवढेच विचारले, "बाळ, उद्या कोलशेतच्या जमिनीतून काय निघालं, तर तू हे वाक्य मागे घेशील?" तो पुष्कळ वेळ विचार करीत बसला. शेवटी म्हणाला, "काहीही निघालं तरी मागे घ्यावं लागणार नाही." त्याला वाटले, ही त्या वाक्याची ताकद आहे. दोष होता तो नेमका हाच. जुनी वीट निघाली तर गाव प्राचीन; काहीच निघाले नाही तर ‘पुरावे काळाच्या उदरात गडप झाले’, म्हणूनही गाव प्राचीनच. जे वाक्य कोणत्याही परिस्थितीत हरत नाही, ते कधी जिंकतही नाही. कारण ते आखाड्यात उतरलेलेच नसते.

या बाबतीत ‘गृहीतक’ हा शब्दही थोडासा घात करतो. गृहीत म्हणजे मानून चाललेले. भूमितीत ते ठीक; तेथे काही गोष्टी मानून पुढे जावयाचे असते. इतिहासात मात्र जे मानावेसे वाटते, तेच आधी तपासावयाचे असते. म्हणून मी त्याला साधा तर्कच म्हणतो, आणि चांगल्या तर्काची एक खूण सांगतो: आपण कोठे पडू, हे जो आधीच सांगून ठेवतो तो चांगला तर्क. ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याने १९३४ साली आपल्या ग्रंथात विज्ञानाची हीच कसोटी मांडली, आणि तीमुळे तो जगभर गाजला. परंतु आपल्या न्यायशास्त्राला ही दृष्टी अगदीच परकी होती असे नाही. पर्वतावर धूर दिसतो, त्यावरून तेथे अग्नी आहे, हे अनुमान प्रत्येक शास्त्र्याला पाठ असे. त्यासाठी स्वयंपाकघराचे उदाहरण पुरत नसे. जेथे अग्नी नाही असे जलाशयाचे उदाहरणही घ्यावे लागे, आणि तेथे धूर नाही हे दाखवावे लागे. या दुसऱ्या उदाहरणाला ‘विपक्ष’ म्हणत. आपल्याकडच्या गावोगावच्या इतिहासात स्वयंपाकघरे पुष्कळ आहेत. जलाशयापर्यंत मात्र फारसे कोणी जात नाही.

गेलेल्यांत एक नाव मोठे आहे, आणि त्यांची कर्मभूमी कोलशेतपासून दूर नाही. कोलशेतवरून वाहणारे पाणी वसईपाशी समुद्राला मिळते. त्या मुखाच्या उत्तरेस सोपारा. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ साली तो जिल्हा होण्यापूर्वी ते ठाणे जिल्ह्यातच होते. या एका गावाविषयी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात दोन तर्क निघाले, आणि त्या दोहोंची गत पाहण्यासारखी आहे. पहिला तर्क पाश्चात्त्य पंडितांपैकी काहींचा. बायबलात सॉलोमन राजाची जहाजे ज्या ओफीर बंदरातून सोने आणीत, ते ओफीर म्हणजेच सोपारा, असे ते म्हणत. आधार काय, तर मुख्यत्वे नावाचे साम्य. ऐकायला हा तर्क फार भव्य वाटतो. पण सोपाऱ्यात नेमके काय सापडले नाही तर तो सोडावयाचा, हे त्यात कोठेच नव्हते. म्हणून तो सिद्धही झाला नाही आणि मेलाही नाही.

दुसरा तर्क पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा. हे जुनागढचे, १८३९ चा जन्म. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याजवळ राहून त्यांनी शिलालेख वाचण्याची विद्या पूर्ण केली. सोपाऱ्याजवळ मातीचा एक मोठा उंचवटा होता. गावकरी त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. बुरूड जातीचा कोणी राजा तेथे राहत होता अशी आख्यायिका. भगवानलालांनी विचार केला, तो असा: बौद्ध वाङ्मयात शूर्पारक नगराचे नाव आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात शोर्पारग आहे. तेव्हा या नगरात बौद्धांचा स्तूप असला पाहिजे. आणि या उंचवट्याचा आकार कोटाचा नसून स्तूपाचा आहे. आता येथे तर्काचे खरे सौंदर्य पाहा. कोट असेल तर खणताना भिंती, खोल्या, वापरातल्या वस्तू लागतील आणि मधला भाग मोकळा असेल. स्तूप असेल तर आतून भरीव बांधकाम लागेल, आणि बरोबर मध्यावर अस्थिकरंडकाची जागा असेल. म्हणजे एकाच कुदळीने दोन्ही तर्कांचा निकाल लागणार. १८८२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मध्यावरच खणले. विटांच्या पोकळीत दगडी पेटी निघाली, तिच्यात एकात एक ठेवलेले तांब्याचे, रुप्याचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक, भोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती, सोन्याची फुले, आणि यज्ञश्री सातकर्णी राजाचे चांदीचे नाणे. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. त्याच वर्षी सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही मिळाला.

तथापि एवढ्याने सारेच प्रश्न सुटले असे समजू नये. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. मूर्ती मात्र घडणीवरून त्याच्या कित्येक शतके नंतरच्या ठरल्या. अर्थात स्तूप पुढे कधी तरी पुन्हा उघडून त्या आत ठेवल्या गेल्या. ‘येथे स्तूप आहे’ हा तर्क टिकला. ‘आतील सारे एका काळचे’ असा कोणी केला असता तर तो पडला असता. दोन्ही बाजूंनी ज्ञान वाढले. बुरुड राजाची गोष्ट गावात राहिली, तिचे कोणी काही बिघडविले नाही. पण तिच्यावर विसंबून कोणी मध्यावर खणले नसते, हेही खरे.

आता आपल्या कोलशेतकडे वळू. ‘प्राचीन आहे’ हे वाक्य मुलाने खोडले, आणि त्याने प्रश्न लहान केला: कोलशेत या नावातला ‘कोल’ कोण? हा उद्योग हलका समजू नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी स्थलनामांच्या व्युत्पत्तीवर किती शक्ती खर्च केली ते मराठी वाचक जाणतातच. मुलगा म्हणाला, "कोळ्यांचे शेत ते कोलशेत. यात शोधायचं काय?" गावातल्या एका वृद्ध कोळ्यानेही मला तेच सांगितले होते, आणि ते ज्या आवाजात सांगितले तो मला विसरता येत नाही. "नावातच कोली हाय, मास्तर. आमचा हक नावातच लिवलाय." त्याच्या बोलण्यात अभिमान होता, आणि त्याखाली भीतीही होती. काठ कोणाचा, गावठाण कोठवर, जाळी वाळत घालण्याची जागा कोणाच्या नकाशात, हे प्रश्न आज खाडीकाठच्या सगळ्याच गावांना पडले आहेत. तेव्हा हा तर्क केवळ करमणुकीचा नाही. एका माणसाने त्यावर आपला हक्क टेकून ठेवला आहे. म्हणूनच तो अधिक काळजीने तपासला पाहिजे.

पहिली हरकत मराठी भाषाच घेते. संस्कृत-प्राकृतातला दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत येताना बहुधा ‘ळ’ होतो, आणि जोड ‘ल्ल’ असेल तर त्याचा साधा ‘ल’ राहतो. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात हा नियम नीट मांडला आहे. सोपे उदाहरण घरातलेच घ्या. ‘फल’ चे झाले फळ. ‘फुल्ल’ चे झाले फूल. कालचा काळ, कुलाचे कूळ; पण ‘तेल्ल’ चे तेल आणि ‘गल्ल’ चा गाल. कोळी या शब्दात ळ आहे. मग कोळ्यांचे शेत ‘कोळशेत’ व्हावे. ते ‘कोलशेत’ का?

यावर मुलाचे उत्तर तयार होते, आणि ते हुशारीचे होते. आमच्याकडे ‘ळ’ बोलतच नाहीत, तो म्हणाला. आगरी-कोळी बोलीत कोळी नाही, कोली. मासळी नाही, मासली. डोळा नाही, डोला. लिहिणाऱ्याने जसे ऐकले तसे लिहिले. हरकत मिटली! मिटली खरी, पण हे तर्काला लावलेले ठिगळ झाले. ठिगळ लावू नये असे नाही. गोधडी ठिगळांचीच असते आणि ऊबही देते. नियम एवढाच की, ठिगळाने एक नवी कसोटी दिली पाहिजे. लिहिणारे जर बोलीप्रमाणे लिहीत होते, तर शेजारच्या गावांची नावेही तशीच उतरली असावीत. पाहू. शेजारी बाळकूम, बालकूम नव्हे. ढोकाळी, कशेळी, कळवे. सगळीकडे ळ शाबूत. ठाण्यातला चेंदणी कोळीवाडाही लिहिताना कोळीवाडाच. म्हणजे साऱ्या परगण्यात लिहिणाऱ्याचा ‘ळ’ ठीक होता, आणि एका कोलशेतपाशी येऊन तो घसरला, असे मानावे लागते. मुलगा गप्प झाला. पण लगेच त्यालाच आठवले की ठाण्यात ‘कोलबाड’ म्हणून वस्ती आहे, आणि तेथेही ‘ल’ च आहे. एकाला जोडीदार मिळाला. आता प्रश्न एका नावाचा न राहता दोन नावांचा झाला, आणि जो तर्क एकाला लागू पडून दुसऱ्यापाशी अडखळेल, त्याचे वजन कमी. गावाची वेस ओलांडून शेजाऱ्याकडे जाऊन येणे, ही तर्काची फार चांगली परीक्षा आहे.

येथेच दुसऱ्या तर्कांना बोलावले पाहिजे. अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ चेंबरलिन याने १८९० साली एका निबंधात लिहिले की, संशोधकाने एकच तर्क पोसू नये. बापाची जशी लेकरावर माया जडते तशी ती त्या तर्कावर जडते आणि मग त्याचे दोष दिसेनासे होतात. चार-पाच तर्क एकत्र वाढवावे, म्हणजे कोणाचा फाजील लाड होत नाही. आईबापांना हे निराळे सांगावयास नको! तेव्हा कोलशेतच्या अंगणात आणखी काही लेकरे उभी करू.

एक म्हणते, कोल म्हणजे बोर. अमरकोशात बोराच्या फळाला ‘कोल’ हे नाव आहे. दुसरे म्हणते, कोल म्हणजे रानडुक्कर. तोही अर्थ अमरकोशात आहेच, आणि भातशेताचे व रानडुकराचे वैर सर्वश्रुत आहे. तिसरे म्हणते, कोल्ह्यांचे शेत. आता प्रत्येकाला तीच फूटपट्टी लावू. बोर आणि डुक्कर या दोन्ही अर्थी ‘कोल’ मध्ये एकेरी ल आहे; म्हणजे नियमाने तेथेही ळ हवा होता. जी हरकत कोळ्याला, तीच बोराला. आपल्या आवडत्या तर्कासाठी नियम सैल आणि नावडत्यासाठी घट्ट, असे इतिहासात चालत नाही. कोल्ह्यात ‘ल्ह’ आहे. तो झिजून ल झाला म्हणावे, तर समोरच्या तीरावरच्या काल्हेरात तो झिजला का नाही, ते सांगितले पाहिजे. विटी कोलण्याचा ‘कोल’ तेवढा अक्षराला चोख बसतो. पण सबंध गावाने विटीदांडू खेळण्यासाठी शेत राखले होते, असे लिहिण्याची माझी छाती नाही.

मग ‘शेत’ या उत्तरपदाकडे पाहू. पुणे जिल्ह्यात पानशेत आहे, डहाणूकडे रानशेत आहे, रत्नागिरीजवळ आंबेशेत आहे. या नावांत शेताच्या आधी येतो तो झाडापानाचा किंवा जमिनीचा शब्द. जातीचा शब्द नाही. हा कल बोराच्या बाजूचा. उलट, नाव पडते ते वेगळेपणावरून, हेही लक्षात ठेवावे. खाडीकाठी मासेमारी करणाऱ्यांची जाळी असणे यात वेगळे काय? पण त्यांचे शेत असणे हे शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरण्यासारखे आहे, आणि गावांना नावे बहुधा शेजारीच देतात. हा मुद्दा कोळ्यांच्या बाजूचा. पाहा, दोन्ही पारडी कशी हलती झाली! मुलाच्या चेहऱ्यावर प्रथमच आनंद दिसला. ‘अतिप्राचीन’ लिहिताना तो दिसला नव्हता.

आता हा निकाल लागावयाचा कोठे? पोर्तुगीज कागदांत नव्हे. साष्टी १५३४ पासून दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे होती, पण त्यांच्या रोमन लिपीत ल आणि ळ यांना एकच अक्षर. ज्या फरकावर सगळा वाद उभा आहे, तोच त्या लिपीत पुसला जातो. मोडीत मात्र ही दोन अक्षरे निराळी आहेत. मराठ्यांनी ठाणे घेतले १७३७ साली, आणि इंग्रजांनी ते जिंकले १७७४ च्या डिसेंबरात. या सदतीस वर्षांतले साष्टीच्या वसुलाचे मोडी कागद हा आपला मध्यबिंदू. कुदळ तेथे मारावयाची. मुलाने आपला तर्क शेवटी लिहिला तो असा: ‘कोलशेत हे नाव कोळी या शब्दावरून आले असल्यास, १७३७ ते १७७४ मधील मोडी कागदांत ते ळ घालून लिहिलेले निदान काही ठिकाणी आढळावे, आणि जमिनीच्या जुन्या नोंदींत कोळी खातेदार दिसावेत. त्या कागदांत सर्वत्र ल असेल आणि शेजारगावांच्या नावांत त्याच हातचा ळ असेल, तर हा तर्क सोडावा.’ या वाक्यात भव्य असे काही नाही. पण त्यात गाव आहे, काळ आहे, कागद आहे, आणि माघार घेण्याची जागाही आहे. त्याच्या सरांनी यावर रेघ मारली नाही.

ज्या कागदावर आपण विसंबणार, त्याची साक्ष कितपत धरावी, हाही एक तर्कच असतो, आणि त्यालाही कसोटी हवी. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद वाचकांना ठाऊक आहे. पूर्वी शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया धरीत. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे घराण्यातली शकावली पुढे आणली, तीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया होती. एक कागद विरुद्ध अनेक बखरी. पण शकावली विश्वसनीय असेल, तर तिच्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या एखाद्या साधनात तीच तिथी मिळाली पाहिजे, अशी अपेक्षा त्यातून निघत होती. पुढे स. म. दिवेकर यांनी तंजावरहून परमानंद कवीचे ‘शिवभारत’ मिळवून १९२७ साली छापले. महाराजांच्या पदरच्या कवीचे हे संस्कृत काव्य, जेध्यांच्या वाड्यापासून शेकडो कोस दूर सापडलेले. आणि तिथी तीच. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगतात, तेव्हा न्यायाधीशही मान वर करून ऐकतो.

आणि साक्षीदारच नसेल तर? गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणिती. राजाचे नाव नाही, सन नाही, अशी प्राचीन छापांकित चांदीची नाणी त्यांनी हाती घेतली. त्यांचा तर्क असा की, नाणे हातोहात फिरताना झिजते; म्हणून जे अधिक हलके ते अधिक फिरलेले. पण तो तक्षशिलेच्या नाण्यांवर लावण्याआधी त्यांनी आपल्याच काळातील चलनी नाणी घेऊन वजन केली, कारण त्यांवर साल छापलेले असते आणि झीज वर्षांच्या हिशेबाने ताडून पाहता येते. जे ठाऊक आहे त्यावर आधी पारख, मग जे ठाऊक नाही त्याला हात. आमच्या मुलालाही मी हेच सांगितले: ज्या गावांच्या नावाचा अर्थ निर्विवाद आहे, त्यांची नावे मोडी कारकुनाने कशी लिहिली ते आधी पाहा. तो कारकून ल-ळ सांभाळणारा आहे असे ठरले, तरच कोलशेतबद्दलची त्याची साक्ष घे.

त्या वृद्ध कोळ्याला मी काय सांगितले, हे वाचक विचारतील. मी त्याला सांगितले की, बाबा, तुमचा हक्क नावात नाही. तो तुमच्या वहिवाटीत आहे. आज तुम्ही तो नावावर टांगून ठेवलात, आणि उद्या एखाद्या वकिलाने अमरकोश उघडून कोल म्हणजे बोर असे दाखविले, तर तुम्ही काय करणार? कोणत्या पिढीपासून कोणत्या जागी होड्या लागतात, कोणाच्या नावाची पावती आहे, कोणता बांध कोणी घातला, हे लिहून काढा. ते सांगणारी माणसे अजून आहेत तोवर काढा. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने सहजपणे खाडीच्या त्या पट्ट्यातील होड्या लागण्याच्या जागांची नावे एकामागून एक म्हणून दाखविली. मुलगा ती भराभर उतरून घेऊ लागला. मला वाटले, त्या नावांत जेवढा इतिहास आहे तेवढा ‘अतिप्राचीन’ या शब्दात खचित नाही.

अशा जागा फार वेगाने बुजत आहेत. रेती उपसली गेली, तेव्हा खाडीच्या तळातले खापराचे तुकडेही आपल्या जागेवरून हलले असतील. आणि जागा हलली की खापराची साक्ष मुकी होते. पाया खणणाऱ्या यंत्राला मध्य आणि कड सारखीच. ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’ मध्ये ज्या कल्याण बंदराचे नाव आहे, तेथे वसईकडून खाडीने जाणाऱ्या प्रत्येक गलबताला कोलशेतच्या पाण्यातून जावे लागे, एवढे नकाशाच सांगतो. भरतीसाठी ती गलबते याच टप्प्यात थांबत होती काय, हाही एक तर्क होऊ शकेल. परंतु तो तपासण्याजोगा काठ शिल्लक आहे तोवरच त्याला अर्थ आहे. चुकीचा तर्क इतिहासाचे फारसे नुकसान करीत नाही. कोणी तरी येऊन तो पाडतो आणि त्या झटापटीत चार नवे कागद उजेडात येतात. नुकसान करतो तो कधीच न हरणारा अभिमान. त्याला कागद लागत नाहीत, म्हणून तो कागद जपतही नाही.

सुट्टीचे दिवस आहेत, घरात मुले जमली आहेत. त्यांना आपल्या गावाच्या नावाचा अर्थ जरूर विचारा. जितकी मुले तितके अर्थ निघतील, निघू द्या. मग प्रत्येकाला एवढेच विचारा की, काय सापडले तर तू आपला अर्थ सोडशील? ज्याला याचे उत्तर देता येईल, त्याच्या हाती घरातली जुन्या कागदांची पेटी द्यावी.